नीटला ३९८, एमबीबीएसच्या दोन फेऱ्यांत नाव नाही. ड्रॉप, बीएएमएस, फिजिओ की परदेश?

घणसोलीकर आई

नमस्कार. मुलीला यंदा नीटला ३९८ गुण मिळाले. ओबीसी, दहावी-बारावी दोन्ही नवी मुंबईतूनच, डोमिसाईल आहे, जातीचा दाखला साताऱ्याचा, जातपडताळणी (व्हॅलिडिटी) झालेली आहे. राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) एमबीबीएसच्या दोन फेऱ्या झाल्या, नाव आलं नाही. तिसऱ्या फेरीची आशा धरावी की नाही कळत नाही.

घरात तीन मतं आहेत. तिचे बाबा म्हणतात ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट दे. मामा म्हणतो बीएएमएस घेऊन टाक, डॉक्टरच म्हणवतात. वाशीच्या एका कन्सल्टन्सीचा रोज फोन येतोय की परदेशात सीट पक्की, आधी दोन लाख भरा. मुलीला रुग्णांसोबतच काम करायचं आहे, एवढं तिचं पक्कं आहे.

तिचा पेपर उत्तरतालिकेशी ताडून पाहिला. बायोलॉजीत ९० पैकी ७० बरोबर, १४ चूक, ६ सोडले. केमिस्ट्रीत २५ बरोबर, ११ चूक, ९ सोडले. फिजिक्समध्ये १४ बरोबर, १३ चूक, १८ सोडले. कोणता रस्ता कधी बंद होतो आणि काय आधी करायचं हे कुणी नीट सांगेल का?

कॅप कट्टा ठाणे

ताई, निर्णय नंतर घ्या, आधी दारं उघडी ठेवा. बहुतेकांचं वर्ष जातं ते कमी गुणांमुळे नाही, एखादा फॉर्म भरायचा राहिल्यामुळे.

राज्याच्या सीईटी सेलचं रजिस्ट्रेशन एकच असतं, पण प्रेफरन्स फॉर्म गटागटाने वेगळा भरावा लागतो. एमबीबीएस-बीडीएसचा एक गट, बीएएमएस-बीएचएमएस-बीयूएमएस (आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी) म्हणजे आयुषचा दुसरा, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच-हिअरिंग यांचा तिसरा. रजिस्ट्रेशन केलं म्हणजे सगळीकडे नाव गेलं असं समजून लोक बसून राहतात आणि आयुषची पहिली फेरी हातची जाते. आजच लॉगिन करून बघा: दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा प्रेफरन्स फॉर्म उघडला आहे का, शेवटची तारीख कोणती. नोटीस बहुतेकदा संध्याकाळी उशिरा लागते आणि मुदत दोन-तीन दिवसांची असते, म्हणून संकेतस्थळ रोज रात्री एकदा बघायचं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या वेळापत्रकावर विसंबू नका, सुधारित वेळापत्रक आलं की जुनंच फिरत राहतं.

राज्याबाहेरच्या आणि अभिमत (डीम्ड) जागांची दारं वेगळी आहेत. एमबीबीएस-बीडीएसचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि सगळी अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी). आयुषचा अखिल भारतीय कोटा आणि अभिमत आयुष कॉलेजं एएसीसीसीकडे (आयुषची तशीच केंद्रीय समिती). आपल्याकडचं उदाहरण घ्या: खारघरचं वायएमटी आयुर्वेद राज्याच्या कॅपमध्ये दिसेल, नेरुळच्या डी. वाय. पाटीलचं आयुर्वेद कॉलेज अभिमत म्हणून एएसीसीसीत शोधावं लागेल. दोन्ही तुमच्या घरापासून लोकलने जाता येण्यासारखी, पण फॉर्म दोन.

एमसीसीत पैशाचं गणित आधी समजून घ्या. अखिल भारतीय कोट्यासाठी परत मिळणारं डिपॉझिट १० हजार, राखीव गटांना ५ हजार. अभिमतसाठी मात्र २ लाख. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर काही जात नाही. पुढच्या फेरीत जागा मिळून रुजू झाला नाहीत तर डिपॉझिट जप्त. शेवटच्या, म्हणजे उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत जागा मिळून गेला नाहीत तर डिपॉझिट तर जातंच, शिवाय पुढच्या नीटला बंदी घालण्याची तरतूद आहे. ड्रॉप घ्यायचा विचार असेल त्याने स्ट्रे फेरीत 'भरून तर बघू' म्हणून कधीही चॉईस टाकू नये. कामोठ्याचं एमजीएम आणि नेरुळचं डी. वाय. पाटील ही एमबीबीएसची अभिमत कॉलेजं, वर्षाला वीस लाखांच्या पुढे शुल्क. तेवढी तयारी नसेल तर ती नावं यादीत घालूच नका.

तिसऱ्या फेरीबद्दल. मागच्या वर्षी अमुक गुणांना जागा मिळाली होती, ही तुलना निरुपयोगी आहे. नीटचा पात्रता गुण खुल्या गटाला २०२४ ला १६२ होता, २०२५ ला १४४. पेपर कठीण निघाला की गुणांची सगळी शिडीच खाली सरकते. त्यामुळे गुण बाजूला ठेवा आणि राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर दुसऱ्या फेरीची सिलेक्शन लिस्ट आहे. त्यात ओबीसी प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला ते पाहा, आणि मुलीचा क्रमांक त्यापासून किती लांब आहे ते मोजा. मग मागच्या वर्षीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या याद्या शेजारी ठेवून ओबीसीचा शेवटचा क्रमांक किती पुढे सरकला होता ते बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर एमबीबीएससाठी थांबण्यात अर्थ नाही, आयुष आणि फिजिओच्या फॉर्मवर लक्ष द्या.

रिपीटर बॅच

ताई, तुम्ही विषयवार आकडे दिलेत म्हणून ड्रॉपबद्दल काहीतरी ठोस बोलता येतं. एरवी लोक नुसता एकूण आकडा देतात.

एकूण १०९ बरोबर, ३८ चूक, ३३ सोडलेले. बायोलॉजीने २६६ दिलेत, ते चांगलेच आहेत. केमिस्ट्री ८९, फिजिक्स फक्त ४३. फिजिक्समध्ये २७ प्रश्न हाताळले आणि त्यातले निम्मे चुकले, म्हणजे बराच भाग अंदाजाने सोडवलेला आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, त्यामुळे बरोबर येऊ शकणारं उत्तर चुकलं की हिशेबात पाच गुणांचा फरक पडतो.

आता एक चाचणी घ्या, कोचिंगला पैसे भरण्याआधी. तिला त्याच पेपरचे फिजिक्सचे ४५ प्रश्न पुन्हा द्या, वेळेची मर्यादा न ठेवता, पुस्तक न उघडता, आणि ज्याचं उत्तर खात्रीने येतं तेच लिहायला सांगा. उत्तरं पाहिलेली असतील तर आदल्या वर्षीचा पेपर घ्या. बरोबर उत्तरं १४ वरून २५-२६ वर गेली तर अडचण वेगाची आणि ताणाची आहे. ती एका वर्षाच्या सरावाने, दर आठवड्याला पूर्ण तीन तासांचा पेपर देऊन सुटते. आकडा १६-१७ लाच अडकला तर अकरावीचा पाया कच्चा आहे: व्हेक्टर, ग्राफ वाचणं, न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा, रोटेशन. मग ड्रॉपचे पहिले चार-पाच महिने अकरावीचं फिजिक्स आणि त्याला लागणारं गणित यातच जाणार हे धरून चाला. तसं न करता सरळ टेस्ट सिरीज लावली की मार्चमध्येही फिजिक्स साठच्या आसपासच राहतं. रिपीटर मुलांचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं.

गुण कुठून येतील ते मांडून बघू. फिजिक्समध्ये २८ बरोबर आणि ५ चूक केले तर १०७ होतात, म्हणजे ६४ वाढले. केमिस्ट्रीत ३२ बरोबर, ६ चूक केले तर १२२, म्हणजे ३३ वाढले. ते मुख्यतः एनसीईआरटीतल्या इनऑरगॅनिकमधून येतात, तिथे ओळ न् ओळ वाचावी लागते. बायोलॉजीत ७८ बरोबर, ८ चूक, ३०४. बेरीज ५३३. प्रत्येक विषयातली ही वाढ एका वर्षात होण्यासारखी आहे, पण तीनही एकदम हव्यात. बायोलॉजी चांगली आहे म्हणून तिला हातच लावायचा नाही असं झालं की ऑगस्ट ते जानेवारीत तीच घसरते.

ड्रॉप एकच वर्ष, हे घरात आधी ठरवा. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. म्हणूनच थांबायचं कधी हे कुणी बाहेरचं सांगत नाही आणि तिसरा-चौथा ड्रॉप होऊन बसतो. डिसेंबरअखेरची खूण ठेवा: तोवर बाहेरच्या टेस्ट सिरीजमध्ये सलग चार पूर्ण पेपरांत फिजिक्स ९० च्या वर गेलेलं नसेल तर इतर परीक्षांचे फॉर्म गांभीर्याने भरायचे.

आणि ते फॉर्म तसेही भरायचेच. एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) गट: २०० गुण, उणे गुण नाहीत, त्यावर बी. फार्मसी. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी आहे. संशोधनाची आवड असेल तर आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी, आणि कलिनाच्या यूएम-डीएई सेंटरसाठी नेस्ट या प्रवेशपरीक्षा. दोन्ही पीसीबीच्या मुलांना देता येतात. यांचे अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात. यंदा हे रस्ते मिटले आहेत ते त्यामुळेच.

पुनर्वसन खारघर

मुलीला रुग्णांसोबत काम करायचं आहे, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. तिसऱ्या गटाकडे लोक उरलंसुरलं म्हणून बघतात, ते चुकीचं आहे.

फिजिओथेरपिस्टला एकेका रुग्णासोबत जितका वेळ मिळतो तितका ओपीडीतल्या डॉक्टरला मिळत नाही. पक्षाघातानंतर हात उचलायला शिकवणं, गुडघा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी उभं करणं, आयसीयूत छाती मोकळी करणं, हे रोजचं काम. अभ्यासक्रम आपल्याकडे साडेचार वर्षांचा होता. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप पूर्ण वर्षाची केली आहे, तेव्हा प्रवेश घेताना एकूण कालावधी आणि इंटर्नशिपला विद्यावेतन आहे का, दोन्ही विचारा. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया अगदी कसून असते. पदवीनंतर एम.पी.टी. केल्याशिवाय मोठ्या रुग्णालयात वर सरकणं अवघड, हे आत्ताच धरून चाला.

प्रेफरन्स भरताना पालिकेची कॉलेजं सर्वात वर ठेवा: परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन. शुल्क कमी, आणि रुग्ण इतके की इंटर्नशिपमध्येच हात बसतो. त्याखाली नेरुळचं टर्ना वगैरे खासगी. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, जोडलेल्या रुग्णालयात अस्थिरोग, मेंदूविकार आणि आयसीयू या तीन विभागांत किती खाटा चालू आहेत ते विचारा. रुग्णालय जोडलेलं नसलेल्या कॉलेजात मुलं एकमेकांच्या गुडघ्यावर सराव करून पास होतात.

ऑक्युपेशनल थेरपीकडेही बघा. वरच्या तिन्ही पालिका कॉलेजांत ती आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, हाताच्या शस्त्रक्रिया यांत तिचं काम मोठं आहे. ठाणे-नवी मुंबईत बालविकास केंद्रं वाढली आहेत आणि प्रशिक्षित माणसं कमी पडतात. स्पीच-हिअरिंगचा बीएएसएलपी चार वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप; पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. त्या नोंदणीशिवाय क्लिनिक चालवता येत नाही, म्हणून कॉलेजला परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे ना ते तिच्या संकेतस्थळावर तपासा. मान्यता काही वर्षांपुरती असते आणि नूतनीकरण रखडतं, त्यात मुलांची पदवी अडकते.

रुग्णालयातल्या तंत्रज्ञानाकडे ओढा असेल तर कामोठ्याच्या एमजीएममध्ये डायलिसिस, परफ्युजन, ओटी-अॅनेस्थेशिया, मेडिकल लॅब असे बी.एस्सी. आहेत. परफ्युजनिस्ट म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना हार्ट-लंग मशीन सांभाळणारा माणूस. मोठ्या जबाबदारीचं काम आहे, पण रुग्णाशी बोलणं जवळजवळ नाही. तुमच्या मुलीला ते कितपत रुचेल ते तीच सांगू शकेल.

घणसोलीकर आई

खूप आभार सगळ्यांचे. आयुषचा प्रेफरन्स फॉर्म आत्ताच बघितला, परवापर्यंत मुदत आहे! बीएएमएसबद्दल स्पष्ट सांगाल का? आणि बीएएमएसला प्रवेश घेऊन शेजारीच पुन्हा नीट द्यायची, असं कुणी सुचवतंय.

कॅप कट्टा ठाणे

मुदतीच्या शेवटच्या रात्री सर्व्हर अडतो, उद्या दुपारीच भरून लॉक करा आणि पावतीची पीडीएफ जपून ठेवा.

बीएएमएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे एमबीबीएसइतकाच काळ. आयुर्वेदात रस असेल तर हा भक्कम अभ्यासक्रम आहे. पुढे एआयएपीजीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डी. किंवा एम.एस. आयुर्वेद करता येतं. शल्य आणि शालाक्य या पदव्युत्तर शाखांना २०२० च्या अधिसूचनेत ५८ शस्त्रक्रिया नावानिशी दिल्या आहेत, ३९ सर्वसाधारण आणि १९ नेत्र, कान-नाक-घसा वगैरेंच्या. पण 'डॉक्टरच म्हणवतात' एवढ्यावर घेऊ नका. पहिल्याच वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान, अष्टांगहृदय आहे. मन नसलेली मुलं तिथेच मागे पडतात. तिला एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थिनीचं पहिल्या वर्षाचं पुस्तक आणून द्या, दोन प्रकरणं वाचू द्या. त्यातून उत्तर मिळेल.

कॉलेजांचा क्रम लावताना आधी शासकीय, म्हणजे वरळीचं पोदार, मग अनुदानित, म्हणजे सायनचं आयुर्वेद महाविद्यालय, आणि मग खासगी. खासगीत दोन गोष्टी विचारा: रोजची ओपीडी खरोखर किती, आणि पंचकर्म विभागात दाखल रुग्ण किती. सकाळी अकराला जाऊन केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिलात तरी कळेल.

होमिओपॅथीबद्दल एवढंच: सीसीएमपी हा वर्षभराचा कोर्स केला की अॅलोपॅथीची औषधं देता येतात असं सांगून बीएचएमएस विकलं जातं. त्या नोंदणीवरून वाद आणि कोर्टकचेरी चालू आहे. त्या भरवशावर प्रवेश नको, होमिओपॅथीच करायची असेल तर घ्या.

बीडीएस चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे पट्ट्यातच पाच डेंटल कॉलेजं आहेत, म्हणजे इथे दर वर्षी नवे दंतवैद्य तयार होतात आणि इथेच क्लिनिक टाकायला बघतात. हाताचं बारीक काम आवडत असेल आणि पुढे एम.डी.एस. करायची तयारी असेल तर उत्तम. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह आणि सोबत वाशी-नेरुळचं दुकानभाडं हा खर्च पदवीनंतर लगेच उभा राहतो.

बीएएमएस करत नीट: उपस्थितीची सक्ती असते, सकाळी क्लिनिकल, दुपारी लेक्चर. फिजिक्स ४३ वरून वर काढायचं आहे, त्याला रोजचे चार तास कुठून आणणार? शिवाय मूळ कागदपत्रं कॉलेज जमा करून घेतं. प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर जागा सोडली तर भरलेलं शुल्क परत मिळत नाही, उरलेल्या वर्षांचं शुल्कही मागितलं जाऊ शकतं. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं प्रवेश रद्द करण्याचं कलम स्वतः वाचून मगच ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका.

अपग्रेडबद्दलही सांगतो, कारण इथे खूप जणांची फसगत होते. जागा मिळाली, रुजू झालात, आणि स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला नाहीत, तर पुढच्या फेरीत तुमचा विचार आपोआप होतो. वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं की आधीची जागा त्याच क्षणी दुसऱ्याला जाते. म्हणून मिळालेल्या जागेच्या वर फक्त तीच कॉलेजं ठेवा जिथे खरंच जाल. आहे त्यावर समाधान असेल तर रिटेन्शन फॉर्म मुदतीत भरा.

माफसू परळ

कुणी पशुवैद्यकाचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. नीटच्याच गुणांवर, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. पण हा फॉर्म सीईटी सेलकडे नाही. नागपूरचं माफसू विद्यापीठ स्वतःची प्रक्रिया राबवतं, म्हणून दर वर्षी पात्र मुलं यातून सुटतात. १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे. बाकीची नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे. शस्त्रक्रिया, औषधशास्त्र, निदान, सगळं आहे. नोकरीला एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, खासगीत पाळीव प्राण्यांची क्लिनिकं. शासकीय शुल्क झेपण्यासारखं. गुणवत्ता यादी लागली की फेऱ्या झपाट्याने संपतात, आजच संकेतस्थळ बघा.

परदेश चौकशी

ताई, ते दोन लाख अजिबात भरू नका. परदेशात जायचं की नाही हा पुढचा मुद्दा, पण विद्यापीठाचं नाव लेखी न देता पैसे मागणारा माणूस बाजूलाच ठेवायचा.

नियम एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२१ च्या परवाना नियमावलीत आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, सगळं शिक्षण एकाच संस्थेत, आणि पदवीनंतर त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणेच वैद्यकीय परवाना मिळण्याची पात्रता. सुरुवातीपासून दहा वर्षांत सगळं पूर्ण. मग भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. नीट पात्र असणं बंधनकारक आहे, मुलगी आहे, आणि परदेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे 'यंदाच जावं लागेल' ही घाई खोटी आहे. ड्रॉप घेऊनही पुढच्या वर्षी हा पर्याय शिल्लक राहतो.

बहुतेक ठिकाणी अडतं ते परवान्याच्या अटीवर. एजंट सांगतो 'एनएमसी मान्यताप्राप्त', पण एनएमसी परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, अटी घालून देते आणि त्या पूर्ण होतात का हे तपासणं विद्यार्थ्यावर सोडते. काही देशांत स्थानिक विद्यार्थी स्थानिक भाषेत शिकतात, परदेशी मुलांसाठी वेगळा इंग्रजी वर्ग असतो आणि त्या पदवीवर तिथला परवाना मिळतच नाही. फिलिपिन्समध्ये एम.डी.च्या आधीचा बी.एस. हा भाग ५४ महिन्यांत धरला जात नाही. तेव्हा एजंटाला नाही, विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करून विचारा: किती महिने, इंटर्नशिप कुठे, परदेशी पदवीधरांना परवाना कोणत्या कायद्याखाली. उत्तर जपून ठेवा.

परत आल्यावर एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा: ३०० प्रश्न, उत्तीर्णतेला १५०, वर्षातून दोनदा. गेल्या काही वर्षांत बहुतेक वेळा दहातले दोन ते तीनच उत्तीर्ण झाले आहेत. ज्या मुलीची बायोलॉजी २६६ आहे ती कदाचित त्या तिघांत असेल, पण तिसऱ्या वर्षापासून क्लिनिकल विषयांची भारतीय पुस्तकं वाचायची शिस्त लागते. रुग्णाशी बोलायला तिथली भाषा यायला हवी, नाहीतर वॉर्डात नुसतं उभं राहणं होतं.

इथली जागा पैसे देऊन करून देतो म्हणणाऱ्यांनाही हेच. अभिमतच्या जागा एमसीसी भरते, राज्याच्या सीईटी सेल भरतं. दोघांचाही कुणी एजंट नसतो. कॅपिटेशन फी महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कागदपत्र मदत बेलापूर

शुल्काबद्दल कुणी बोललं नाही. ताई, तुमची मुलगी ओबीसी आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्थास्तरावरचा कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यांत नाही. म्हणून खारघरचं खासगी कॉलेज कॅपमधून आणि नेरुळचं अभिमत, यांच्या खर्चात तुमच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक पडेल. प्रेफरन्स लॉक करण्याआधी हे डोळ्यासमोर ठेवा. वसतिगृह, अनामत वगैरे आपल्याच खिशातून. अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, दर वर्षी नव्याने, आणि खातं आधारशी जोडलेलं हवं.

इथे एक बारकावा आहे. नॉन-क्रिमीलेअर मिळालं म्हणजे माफी मिळेलच असं नाही. क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, शुल्कमाफीला मात्र कुटुंबाचं एकूण उत्पन्न बघतात. दोघंही नोकरीत असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढूनच हिशेब करा.

नॉन-क्रिमीलेअरवरची वैधतेची तारीख येत्या ३१ मार्चपर्यंतची आहे ना ते पाहा. जुनं संपलेलं जोडलं की प्रवर्ग जाऊन नाव खुल्या गटात पडतं. घणसोली ठाणे तालुक्यात येते, तेव्हा उत्पन्न आणि डोमिसाईलचे दाखले ठाणे तहसीलचे, आपले सरकारवरून किंवा सेतूतून. खारघर, कामोठ्याची मंडळी हे वाचत असतील तर तुमचं पनवेल तहसील, जिल्हा रायगड. नवी मुंबई म्हणून ठाण्यात अर्ज टाकला की तो परत येतो आणि दहा-पंधरा दिवस जातात. जातीचा दाखला मात्र १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब जिथे राहत होतं तिथला, ओबीसींसाठी. तुमचा साताऱ्याचा आहे तो बरोबर, व्हॅलिडिटीही तिथल्याच समितीची हवी.

घणसोलीकर आई

उत्पन्न ८ लाखांच्या आत बसतंय. फिजिओ आणि बीएएमएस दोन्हींचे प्रेफरन्स उद्या दुपारी भरतो, परळच्या पशुवैद्यकीयचा फॉर्मही. फिजिक्सची चाचणी रविवारी. शेवटचं एक: ड्रॉपच घेतला तर एक वर्षाच्या खंडासाठी काही कागद लागतो का?

कागदपत्र मदत बेलापूर

हो, गॅपचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, बारावीनंतर या काळात इतर कुठेही प्रवेश घेतला नव्हता असा मजकूर. म्हणूनच मध्ये बी.एस्सी.ला नाव घातलं असेल तर ते लपवू नका, त्या कॉलेजचा प्रवेश रद्द केल्याचा दाखला आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला परत घेऊन ठेवा. ठाण्यात बांदोडकरसारख्या कॉलेजात जागा धरून ठेवलेली मुलं नेमकी इथे अडकतात: मूळ दाखला तिकडे, रुजू व्हायची मुदत दोन दिवस, आणि मध्ये शनिवार-रविवार. प्रतिज्ञापत्र आत्ता करू नका, पुढच्या वर्षी निकाल लागला की करा, म्हणजे त्यात पूर्ण काळ येईल.